न उडणारं

रीफ्टनच्या वर, बीचच्या रानात
पोसमचे सापळे लावता लावता
मेरेआनानं कुजका ओंडका उलथला.
हे काय?

निळसर-करडं, नखाएवढं,
पाठभर पिवळी बोटं.
अळी? पण पाय सहा.
कीटक? मग पोटाखाली ही बुटकी नळी कसली?

डगलनं भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.
स्प्रिंगटेल, म्हणाला. पण
तो टाचणीच्या डोक्याएवढा असतो,
शेपूट आपटून उडतो.
काडीनं डिवचलं.
ते चाललं. सावकाश,
लाकडाच्या भुशातून.

उडायचं शेपूट विसरलं असेल,
ती म्हणाली, पळायचं तरी कुणापासून होतं इथं,
आणि सापळ्यांची पिशवी
खांद्यावर घेता घेता थांबली.

ओंडका मग दोघांनी मिळून
होता तसा ठेवला,
शेवाळाची बाजू वर.
वहीत फक्त: चौदा मिलिमीटर.