चौकट क्रमांक सात

पान्यांच्या पेटीत, सगळ्यात खालच्या कप्प्यात,
ग्रीस पुसायच्या फडक्याखाली
तुमचं कर्ज सापडलं.
तीन हजार पौंड, मार्च सत्त्याण्णव,
टॅक्सीच्या गिअरबॉक्ससाठी.
कागदाला अजून डिझेलचा वास.
चष्मा बदलून वाचला.

ती बँक आठवते, वॉलसॉलच्या बाजारातली.
आता तिथे नखं रंगवायचं दुकान आहे.
आत शिरताना तुम्ही केसांवरून हात फिरवलात,
जणू मुलगी बघायला आलो होतो.
प्रिचर्ड नावाचा कोवळा पोरगा,
टाय नवा, कानामागे पुरळ.
केतकीला त्याने टॉफी दिली,
आणि म्हणाला, हप्त्यांचं संरक्षण घेतलेलं बरं,
आजारपण काय सांगून येतं?
येत नाही हो. तुम्ही मान डोलावलीत.
आपल्याला वाटलं, विम्याशिवाय कर्ज नाही,
जसं मिठाशिवाय वरण नाही.
त्याने पेनाने फुली मारून जागा दाखवली.
तुम्ही सही केलीत, पूर्ण नावाची,
हेरंब गजानन टिपणीस,
शेवटच्या स-ची रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत.

केतकी ब्रिस्टलहून फोनवर:
आई, ऑगस्ट संपला की दार बंद.
गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे परत देतायत,
बाबांच्या नावाने तूही मागू शकतेस.

म्हणून फॉर्म.
प्रश्न चौथा: विमा ऐच्छिक आहे हे सांगितलं होतं का?
नाही.
प्रश्न पाचवा: त्या वेळचा व्यवसाय?
स्वतःची टॅक्सी. मालकही तेच, नोकरही तेच,
रात्री दोनला ओकणाऱ्या पोरांना
त्यांच्या आयांकडे पोचवणारे.
(हे लिहिलं नाही. टॅक्सी, एवढंच.)
प्रश्न सहावा: या विम्यावर कधी दावा केला होता का?
नाही, मी लिहिलं. शाईच्या पेनाने.

मग फडकं झटकलं,
तर दुसरा कागद पडला, चार घड्यांचा.
ऑक्टोबर नव्याण्णव. क्षमस्व, श्री. टिपणीस,
ही योजना केवळ नोकरदारांसाठी आहे.
स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना लागू नाही.

नव्याण्णव. तुमची पाठ गेली ते वर्ष.
तुम्ही बैठकीत जमिनीवर उताणे,
मी बेकरीत रात्रपाळीला, हाताला पिठाचा वास.
विचारलं होतं, अहो, त्या विम्याचं काय झालं?
छताकडे बघत म्हणालात, बघतो.

वीस वर्षं मी तो तुमचा आळस समजले.
एका दिवाळीत पाहुण्यांसमोर बोललेही,
यांच्याच्याने एक फॉर्म भरवत नाही.
तुम्ही चकलीचा तुकडा मोडलात
आणि हसलात.

फसवलं त्यांनी,
आणि लपून बसलात तुम्ही,
चोरी आपणच केल्यासारखे,
पान्यांच्या खाली.

सहाव्या प्रश्नातलं नाही खोडलं. हो लिहिलं.
शेजारी माझी छोटी सही,
चूक कबूल केल्याची.

चौकट क्रमांक सात:
झालेला त्रास थोडक्यात लिहा.
तीन ओळींची चौकट.
मी लिहिलं, त्यांची पाठ दुखत होती.
केतकी म्हणाली, आई, मुद्द्याचं लिही.
म्हटलं, हाच मुद्दा.

नोव्हेंबरात चेक आला.
विम्याची रक्कम, तिच्यावरचं कर्जाचं व्याज,
त्यावर आठ टक्के, त्यातून कर वजा.
दोन हजार एकशे बारा पौंड, चाळीस पेन्स.
नाव मात्र टिपिन्स.
बँक म्हणते, जुळत नाही.

परत पाठवलाय.
फोनवरची मुलगी म्हणाली, बघते.
मी पटकन काही बोलले नाही.
तिचा काय दोष, तेव्हा ती जन्मलीही नसेल.
म्हटलं, बघ. सावकाश बघ.

पेटी उघडीच आहे.
पान्यांना गंज चढायला लागलाय,
तेल लावत बसलेय, एकेकाला,
बारा नंबरचा तेवढा सापडत नाही.