खरं

आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
पगार बरा आहे, खरं मालक कडक.
पोरगी हुशार, खरं हट्टी.
पुण्याकडचे पाहुणे हसतात.
मी हसत नाही.
माझं पोट त्या शब्दावर आहे.

उद्यमबागेत, शट्टुप्पाच्या फोर्जिंग शेडवर एक खोली.
दोन खुर्च्या, माठ, खिडकीला जुनी चादर.
माणूस येतो, येळ्ळूरचा, काकतीचा, पार नंदगडचा.
त्याची खुर्ची दाराकडं तोंड करून ठेवलेली असते.
मीही वर्षानुवर्षं तसाच बसायचो, कुणी सांगितलं नव्हतं.
तो म्हणतो,
सगळं बरं हाय सर. जेवण हाय. काम हाय. खरं...

आणि थांबतो.
मीही थांबतो.

पलटणीत थांबणं म्हणजे दबा.
नुसतं थांबायला मला नोकरीपेक्षा जास्त वर्षं लागली.

पेन्शन घेऊन घरी आलो तेव्हा
मालननं कुकर लावायचं बंद केलं.
दोन वर्षं भात पातेल्यात, मंद आचेवर.
मला वाटलं, चवीसाठी.
मग एकदा बटणं शोधताना डब्यात शिट्टी सापडली,
चिंधीत गुंडाळलेली.
त्या रात्री मी पहिल्यांदा विचारलं,
मी झोपेत काय करतो?
तिनं सांगितलं. सगळं नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गेलो.
पहिल्या दिवशी पोरं उठून उभी राहिली,
त्यांना वाटलं सर आले.
पुस्तकात मला जे होतं त्याला नाव होतं,
आकडे होते, बारा लक्षणं, चार गट.
पेन्सिलीनं खूण केली
आणि लायब्ररीचं म्हणून खोडून टाकली.
'खरं' मात्र त्यात कुठंच नव्हतं.

आता भरमाचं सांगायला हवं.
भरमा पावशे, कडोलीचा, माझ्याच सेक्शनचा.
धडधाकट परतला. हात, पाय, डोळे, सगळं जागेवर.
स्टँडवर भेटला, पिशवीत मेथीची जुडी.
बरा हाय रे, म्हणाला, खरं...
माझी सुळग्याची गाडी लागली होती.
मी म्हटलं, रविवारी ये, बोलू.
खिडकीतून हात केला.
त्यानंही केला, मेथीसकट.

रविवार आला.
त्या आधी गुरुवार होता, आणि त्यांच्या शिवारातली विहीर.

मी ते वाक्य अर्धं तोडलं
हे मी कुणाला सांगत नाही. इथं लिहितो.

खोली घेतली तेव्हा भाडं बघितलं, खाली काय आहे ते बघितलं नाही.
पहिल्याच आठवड्यात खाली हातोडा पडला
आणि आम्ही दोघं, पेशंट आणि डॉक्टर, टेबलाखाली.
एकमेकांकडं बघितलं.
आधी तो हसला.
संध्याकाळी शट्टुप्पाला जाऊन सांगितलं.
तो ग्रीसचे हात पुसत राहिला, हो नाही की नाही नाही.
दुसऱ्या दिवसापासून
हातोड्याआधी पान्यानं पाइपवर तीन टिचक्या.
सहा वर्षं झाली. एकदाही विसरला नाही.
मी फी विचारली की तो म्हणतो, चहा सांगा.

आज बैलहोंगलकडची एक बाई आली.
नवरा नाही, भाऊ नाही, तीच.
अपघातातली बस, ती एकटी वाचलेली.
कन्नडमध्ये म्हणाली,
निद्दि बरतैत्रि, आदर...

झोप येते हो, पण.
आदर म्हणजे पण.
माझ्या मराठी कानाला तो शब्द
चाळीस वर्षं ऐकूनही आधी दुसराच ऐकू येतो.

ती थांबली.
बोटं पदराच्या काठावर.
तेवढ्यात पाइप वाजला. एक. दोन. तीन.
मी हात वर केला, हळू,
आता आवाज होईल, म्हटलं, खालून. मोठा आहे. आपलाच आहे.
तिनं मान हलवली.
आम्ही दोघं वाट बघत बसलो.