खड्ड्याला पाणी

वणीच्या अलीकडे, जिनात,
नोव्हेंबरपासून हवा डोळ्यांना दिसते.
पापणीवर, चहाच्या बशीत,
मोटरच्या तापल्या पाठीवर रुईची लव.

मी नवा हेल्पर. नव्या शेडात
पाइप ओढून झाले होते, पेट्या हिरव्यागार,
नट माझ्या हातानं आवळलेले.
कवडूजी नैतामांनी एक नट सोडला,
खिशातला चाकू काढला
आणि पाइप पेटीत शिरतो तिथला रंग
खरवडत बसले,
रुपयाएवढं लोखंड उघडं पडेस्तोवर.
"पोट्ट्या, रंगावरून लावलेलं लगन हाय हे.
वरात दिसते. सोयरीक झालीच नाई."

मग तांब्याची वेणी. पेटी ते पाइप,
पाइप ते पेटी, सव्वीस पेट्या,
मधला एकही सांधा न गाळता
थेट मेन पॅनेलपर्यंत.
मुनीम म्हणाला, लाइट तं लागते ना, मंग काहून?
"लाइट लागाले नाई हे," कवडूजी म्हणाले,
आणि चाकू पुसला.

मे महिन्यात जिन बंद.
काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा,
मीटरचा काटा रोज थोडा वर.
प्रेसच्या मागं अर्थिंगचा खड्डा,
त्यात मीठ, कोळसा, आणि सकाळ-संध्याकाळ
कवडूजींची बादली.
पल्ला झाडणारी यशोदा हसायची:
"काय लावलं जी, आंबा का बोर?"
"मुळी हाय बाई.
वर काही उगवू नये म्हणून पानी घालतो."

कवडूजी मुकुटबनला गेले, मोतीबिंदू घेऊन.
दोन हंगाम झाले असतील.

मार्चची शेवटची पाळी. रात्रीचे पावणेतीन.
खट्.
अंधार. रोलर घरघरत मंदावले.
रुई मात्र तशीच तरंगत, सावकाश,
आमच्या चाळीस जणांच्या डोक्यांवर उतरत राहिली.
कोणी खोकलं. कोणी शिवी हासडली.
चौदाव्या पेटीत, टॉर्चच्या उजेडात:
घासून उघडी पडलेली वायर, पाइपाला टेकलेली,
ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग,
आणि वेणी.
हात लावला. कोमट होती,
नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या जागेसारखी.

सकाळी फोन केला. ब्रेकर पडला, म्हटलं.
"मंग?"
मग काही नाही.
पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"खड्ड्याले पानी घातलं का?"
नाही अजून.
"घाल."