रायलीची खतावणी

गुरुवारी सगळी खोकी हलवावी लागतात.
तळघरात, सौनाच्या भिंतीला लागून रायलीचं गोदाम,
आणि गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची
वाफेची पाळी.
एकदा विसरलो.
चाळीस रेकॉर्डी पापडासारख्या वळल्या.
त्याही विकल्या तिनं, वर शिक्का मारून: "वाफाळलेली आवृत्ती",
एकेक युरो कमी घेऊन.

स्टेजवर पाहाल तर वाटेल
ही बाई बँक जाळायला निघालीय.
गिटारच्या तीनच पट्ट्या, दीड मिनिट,
शिरा तट्ट फुगलेल्या:
कुणाचं काही देणं लागत नाही मी!
खाली पोरं एकमेकांवर आदळतात,
कुणाचा चष्मा जातो, कुणाचा बूट.

तीच दुसऱ्या दिवशी सकाळी
स्वयंपाकघरात, कानावर पेन्सिल,
नखांत कव्हरांची लाल शाई,
पै न पै मांडत बसते.
कुओपिओची पोरं: सदतीस प्रती.
ओउलूचा तो एकटा ओरडणारा: नऊ.
टपाल वजा. खोक्यांचा पुठ्ठा वजा.
स्वतःच्या नावापुढं बहुतेकदा एक आडवी रेघ.
"मोठ्या कंपनीनं आम्हाला सात वर्षं हिशेब दिला नाही," ती म्हणते,
"म्हणून तर हे दुकान मांडलं.
आता मीच टोलवाटोलवी केली तर
ओरडायचं कुणावर?"

जानेवारीत एक पाकीट मात्र
ती टपालानं पाठवत नाही.
पिस्पालाच्या लाकडी पायऱ्या, वर वाळू टाकलेला बर्फ,
खाली गोठलेलं तळं. तिचा हात कठड्यावर, मी मागं.
वेइयो. तिचा पहिला ड्रमर.
रात्री बर्फ लोटणारी गाडी चालवायचा,
आणि ताल नेहमी जरा पुढं पळायचा त्याचा,
जणू घरी कुणी जेवायला थांबलंय.
गेला त्याला अकरा वर्षं झाली.

त्याची आई, त्यूने, दार उघडते.
कॉफी आधीच ओतलेली.
चष्मा पुसते, पाकीट फोडते, मोजते.
अकरा युरो चाळीस.
घरात रेकॉर्ड लावायला यंत्रच नाही.
तरी विचारते, "म्हणजे अजून वाजवतो?"
रायली म्हणते, "वाजवतो. जपानला गेल्या पाच प्रती."
"लांब आहे," म्हातारी म्हणते.

मग उठते, फडताळातून एक बशी आणते.
बशीत एकच नाणं.
"मागच्या वर्षी वीस सेंट जास्त दिले होतेस.
मी तीनदा बेरीज केली."

पायऱ्या उतरताना रायली काही बोलली नाही.
खालच्या दिव्याशी थांबली, हातमोजा दातानं ओढून काढला,
खिशातली वही काढली.
थंडीनं पेन चालेना.
तोंडात धरून उबवलं, मग लिहिलं:
जमा, वीस सेंट, वेइयोच्या आईकडून.
खाली दोनदा रेघ ओढली.

"चल," म्हणाली,
"आज गुरुवार ना?"