पीळ

ट्रक बेन्यातचा. कागदावर अजून बापाचाच.
सहा इंच उचललेला. मागे
आस आणि पाट्यांच्या मधे
ठोकळ्यावर ठोकळा, बिडाचे, एकावर एक.
मी टॉर्च मारून पाहिलं, म्हटलं,
हे कुणी रचलं?
पोरगा म्हणाला, डॅडनी.
विचारायची गरज नव्हती तशी.
लहानपणी मिठाच्या बरणीपर्यंत पोचायला
माझा भाऊ असेच खोके रचायचा,
आणि पडायचा.

तक्रार अशी:
विनेमकाच्या उत्तरेला, खडीच्या चढावर
पाय दाबला की मागची चाकं
पुढं जायची सोडून टणाटणा नाचतात,
खालून हातोड्याचे दणके.
गेल्या गुरुवारी शाफ्टचा जॉइंट फुटला
आणि हा अकरा मैल चालत आला
सेजच्या झुडपांतून,
बुटात खारी माती.

खाली नको शिरू, मी म्हटलं, बाजूला उकिडवा बस.
ब्रेक दाबून धरला, गिअर टाकला,
थोडा थोडा गॅस देत गेले.
दिसतंय?
चाक जेवढं पुढं रेटायला बघतं
तेवढा आस उलटा गुंडाळला जातो,
त्याचं नाक वर उचलतं
आणि सरळ पाटा
सापासारखा दोन ठिकाणी वाकतो.
ठोकळा जितका उंच
तितका पिळणाऱ्याच्या हाती दांडा लांब.
मग चाक घसरतं, पाटा सुटतो,
धरतो, पिळतो, पुन्हा सुटतो.
नाच म्हणतोस तो हाच.

मग घट्ट आवळून टाकू, तो म्हणाला.
अठराचा आहे. सगळं आवळूनच टाकायचं वय.
बावीस वर्षं मी खाणीवर
फावड्याच्या बादल्यांचे दात जोडले, बेन्यात,
आवळलेलं आधी तुटतं.
आपण दांडी घालू. एक टोक आसाला,
वर एक बोल्ट, खाली एक.
दुसरं टोक पुढं, चौकटीच्या आडव्या पट्टीला,
पण कडीवर, झोक्यासारखं.
खड्ड्यात जाऊ दे त्याला, दगडावर उसळू दे.
फक्त स्वतःभोवती
फिरू द्यायचं नाही.

आसाच्या नळीवर इंच-इंचाचे टाके घातले,
एक इकडे, एक तिकडे,
मधे कॉफी, मधे नुसतंच बसणं.
सलग ताप दिला की नळी केळ्यासारखी वाकते.
तो वाट बघायला कंटाळला,
पाना घेऊन हे पिळ, ते पिळ करत राहिला,
मग गप्प झाला.
मग एकदम म्हणाला, त्याचा नंबर बदललाय का?
मी मास्क खाली ओढला.
काचेआड निळा प्रकाश, बाकी सगळी रात्र.
आमच्या घराण्याचं तसंच आहे,
सुंभ जळतो आणि पीळ
राखेतसुद्धा दिसत राहतो.
हे मी बोलले नाही. बोलले ते एवढंच:
वरचे दोन ठोकळे निघायला हवेत.

बराच वेळ तो चाकाच्या नटांकडे बघत होता.
मग स्वतःच जॅक लावला.
गंजलेले यू-बोल्ट कापावेच लागले,
नवे रीनोहून यायला पाच दिवस,
तोवर ट्रक घोड्यांवर उभा, लंगडा,
त्याखाली मांजर झोपायचं.

शनिवारी तोच चढ.
मी शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून,
दार धरून.
पाय दाबला त्यानं.
खडी उडाली, मागं धूळ उठली,
दणक्याची वाट बघत आम्ही दोघं
खांदे वर करून बसलेलो
आणि ट्रक नुसताच वर गेला.
नुसताच.
माथ्यावर त्यानं इंजिन बंद केलं.
वारा. दूर कोरड्या तळ्याचा पांढरा पट्टा.
तीन इंचानं खाली दिसतंय सगळं, तो म्हणाला.
मी म्हटलं, हो.

कडी अजून कुरकुरते. ग्रीस मारलं पाहिजे.
ठोकळे मी भंगारात देणार होते.
एक शेडच्या दाराला टेकू म्हणून आहे,
वारा कितीही येवो, दार हलत नाही.
दुसरा कुठं गेला
मी विचारलं नाही.