चवीपुरता समुद्र

खिडकी उघडली की समोर बाल्टिक.
अख्खा, फुकटचा, जहाजांसकट.
आणि हा माणूस न्हाणीघरात बसून
पुडीतल्या मिठाचा समुद्र कालवतोय
बादलीत, लाकडी पळीने.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
बाहेरचं पाणी का चालत नाही?
"अळणी आहे," बोगुमिल म्हणाला,
जसं काही त्यात मीठ घालायला
मीच विसरले होते.

चौतीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलेले हात.
आता ते चिमट्यात प्रवाळ धरतात,
वाटाण्याएवढं,
बुडाला डिंकाचा थेंब लावून
श्वास रोखून दगडावर टेकवतात.
ठिणगी उडत नाही.
आवाज होतो तो माझाच,
कारण चौथ्या मजल्यावरच्या माझ्या लाकडी जमिनीवर
मिठाचे डाग पडलेत, आणि विजेचं बिल,
आणि रात्री आमच्या खिडकीतला निळा उजेड पाहून
खालच्या बोझेनाला वाटतं
आम्ही घरात काहीतरी भलतंच पिकवतोय.

झाड म्हणावं, प्राणी म्हणावा की दगड,
माझं अजून ठरलेलं नाही.
दिवसा उजेडावर जगतं,
रात्री तोंड उघडून जेवतं,
आणि आपलंच हाड रचत रचत
त्यावर बसून राहतं.

जानेवारीत आम्ही बिडगोश्चला गेलो,
नातीच्या बाप्तिस्म्याला.
मागे वीज गेली. एकोणीस तास.
परतलो तर जिन्यातच वास आला.
आत सगळं पांढरं,
घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखं लख्ख.
तो माझ्या सूपच्या डावाने
एकेक काढत राहिला.
माझ्या चांगल्या डावाने.
मी काही बोलले नाही.

तीन आठवड्यांनी पाणी पुन्हा जुळून आलं.
रिकाम्या पाण्यासमोर हा खुर्ची टाकून बसायचा.
मग मी झेनोनला फोन केला,
कणकेच्या हातांनीच, विचार बदलायच्या आत.

झेनोन. ज्याने यादी केली होती.
त्या यादीत बोगुमिल नववा.
पण यादीच्या आधी, बऱ्या दिवसांत,
हातोडीच्या टोकांचं एक हिरवं प्रवाळ
ह्याने करवतीने कापून
अर्धं त्याला दिलं होतं.
ह्या लोकांची रीतच आहे तशी:
आपल्याकडचं थोडं
दुसऱ्याच्या घरी वाढू द्यायचं.

तो ट्रॉलीबसने आला.
बाहेर उणे अकरा. कोटाच्या आत, पोटाशी थर्मास.
दारात बोगुमिलने त्याच्याकडे पाहिलंच नाही,
थर्मासकडे पाहिलं.
"किती आहे?"
"पंचवीस. निघताना सव्वीस होतं."
अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं.

झेनोनकडचं ते अर्धं मिठाला जागलं होतं,
तळहाताएवढं झालं होतं.
त्यातलं अर्धं त्याने आणलं.
आता त्याला आमच्या पाण्याची सवय करायची,
थेंब थेंब, बारीक नळीतून.
घाई केली तर मरतं.
म्हणून दोघं बादलीच्या दोन बाजूंना
बुटक्या स्टुलांवर, गुडघ्याला गुडघा लागेल असे,
आणि मध्ये नळी ठिबकतेय.
तासभर कुणालाच उठता येईना.

यादीचा विषय निघाला की नाही, ठाऊक नाही.
मी पाव आणायला गेले होते.
घरात पाव होता.

ते प्रवाळ दहा दिवस मिटूनच होतं.
मग एका टोकाला जरा हिरवं दिसलं,
मग परत मिटलं. अजून तसंच चाललंय.
झेनोन गुरुवारी येतो. चहात साखर तीन चमचे.
दोघं फारसं बोलत नाहीत,
पाण्याबद्दल मात्र भांडतात.

मीही बादलीत बोट बुडवून चव घेते हल्ली.
ह्याचं काचेचं यंत्र पस्तीस दाखवतं, अगदी बरोबर.
मी म्हणते, मीठ जरा कमी पडलंय.
तो पुडीत हात घालून
चिमूटभर टाकतो.
निदान माझ्यासमोर
टाकल्यासारखं करतो.