तीन नंबरचं लेथ

वाल्दिव्हियात, नदीपलीकडच्या बेटावर,
विद्यापीठाच्या जुन्या बॉयलर-घरात
आता कार्यशाळा आहे. किल्ल्या माझ्याकडे.
आधी मी होड्या बांधायचो. गोदी बंद पडली.
उजवी तर्जनी त्याआधीच गेली होती,
म्हणून नियम सांगायचं काम
मला शोभेल असं त्यांना वाटलं असावं.

नियम तसे फार नाहीत.
लेथजवळ हातमोजे नकोत. केस बांधा. बाह्या दुमडा.
चकची किल्ली चकमध्ये विसरू नका,
फिरतं चक ती कुणाच्या कपाळावर परत करील
सांगता येत नाही.
आणि शेवटचा,
बोट वर करून, म्हणजे उरलंय ते पेर वर करून सांगतो:
मशीनचं ऐका.
मशीन आधी सांगतं, मग तोडतं.

मुलं मान डोलावतात आणि थ्रीडी प्रिंटरकडे पळतात.
नऊ तासांनी
हिरव्या शेवयांचा गुंता घेऊन परत येतात.

ऑगस्टात मिलाराय आली. वनशास्त्राची, दुसऱ्या वर्षाची.
ऐकू येत नाही तिला, जन्मापासून.
सोबत इसिदोरा,
तिच्या हातांचं बोलणं तोंडाने सांगणारी.
मी नियम सांगत गेलो, इसिदोराचे हात चालत राहिले,
शेवटच्या नियमापाशी थांबले.
दोघींनी माझ्याकडे पाहिलं.
मी खोकलो. टोपी काढली, परत घातली.

तिला भाच्यासाठी भोवरा करायचा होता.
लुमाचं लाकूड आणलेलं, बापाने तोडलेलं, दगडासारखं.
पटाशी धरून दाखवली.
तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं.
बाकीचे बोटांकडे बघतात
आणि नसलेल्या बोटापाशी अडतात.

कीस सुटू लागला, लांब, न तुटता.
मग तिने मशीन बंद केलं.
डावा तळहात लोखंडी पाटावर ठेवला,
चालू केलं. बंद. पुन्हा चालू.
इसिदोरा म्हणाली,
ती म्हणते, हे लंगडतंय.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला. जुनी युक्ती.
काही नाही.
अर्धे कान तर हातोड्यांनीच नेलेत माझे.
चालव, म्हणालो.
ती हलली नाही.
हवेत हात गोल फिरवून दाखवला,
दर फेरीला एकाच जागी किंचित अडखळवत,
उंबऱ्याला पाय लागावा तसा.

रात्री झाकण उघडलं.
मागचं बेअरिंग. गोळ्यांच्या वाटेवर खड्डा,
मोहरीएवढा, खरं तर अर्ध्या मोहरीएवढा.
केव्हातरी जाम झालं असतं, भर वेगात,
कुणाच्या तरी हातात पटाशी असताना.

नोंदवहीत रकाने आहेत:
तारीख, यंत्र, दोष, कसा लक्षात आला.
शेवटच्या रकान्यात वरपासून माझ्याच अक्षरात
आवाज, आवाज, आवाज,
पुढे कंटाळून नुसत्या दोन दोन रेघा.
या वेळी लिहिलं: तळहात.
खरेदी विभागातून बारिएन्तोसबाईंचा फोन आला,
हे चुकून झालंय का?
नाही म्हणालो. बेअरिंग कधी पाठवताय?

भोवरा दोन नंबरवर पुरा झाला.
आर मी ठोकली. तिने दोरी गुंडाळून टेबलावर सोडला.
मुलं म्हणाली, काय गुणगुणतोय!
मिलारायने टेबलाच्या कडेला बोटं टेकली,
मग माझा हात ओढून शेजारी ठेवला.
तर्जनीचं थोटूक लाकडाला लागलं.
तिथे गेल्या अकरा वर्षांत
थंडीशिवाय काही आलं नव्हतं.

फळ्यावरचा शेवटचा नियम बदलायचा म्हणून
मी 'ऐका' पुसलं.
मग खडू हातात घेऊन उभा राहिलो, काही सुचेना,
आणि कुणीतरी ड्रिलचं पातं मागायला आलं.
जागा अजून रिकामी आहे.
नवी मुलं विचारतात, मशीनचं काय?
मी म्हणतो, इकडे या.
आधी हात टेकवा, थांबलेलं आहे तोवर.